पुढचें नाणें कोणतें घ्यावें?

जुनीं नाणीं जमविणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें एक प्रश्न नेहमींच उभा असतो: सांठविलेल्या पैशांतून पुढचें नाणें कोणतें घ्यावें? बहुतेकांचें मन शिवकालीन सोन्याच्या होनाकडे धांवतें. परंतु खरा होन अत्यंत दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला फार. १६६३ सालीं बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगल सैन्याला कात्रजचा घाट दाखविला, अशी आख्यायिका आहे. नुसती चमक पाहून धांवणाऱ्या संग्राहकालाही लबाड विक्रेता तोच घाट दाखवितो.

आमच्या मतें, हातांतील नाण्यानें जो प्रश्न मनांत उत्पन्न केला, त्याचें उत्तर देणारें नाणें पुढें घ्यावें. तांब्याची शिवराईच पहा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पेशवाईअखेरपर्यंत ती निरनिराळ्या टांकसाळींत पाडली जात होती. नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी पुण्यांत आणिलें, त्या काळींही सामान्य माणसाच्या कनवटीस तीच असे. एक शिवराई जवळ असेल, तर अक्षरांचें वळण, ठिपके व चिन्हें निरखून तिच्याहून निराळी दुसरी शोधावी. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ मिळाल्यास उत्तमच. मात्र चिंचेनें घासून ती लखलखीत करूं नये. त्यानें अक्षरें झिजतात.

पालकांसही आमची विनंति आहे: नाण्याची किंमत काय, हें मुलास विचारण्यापूर्वीं, त्यावर काय वाचलेंस, हें विचारावें.