सेनानीची वकिलात आणि मराठवाड्याचे पंधरा महिने

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, देगलुरात ध्वजवंदन होते, स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण होते, आणि शेजारच्या बिलोली तालुक्यात अर्जापूर येथे निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या हातून हौतात्म्य पत्करलेल्या गोविंदराव पानसरे यांना अभिवादन केले जाते, हे सर्व यथोचितच आहे. परंतु त्या दिवसानंतर सुमारे पंधरा महिने ज्या एका मनुष्याच्या स्वाक्षरीने या मुलखाचा कारभार चालला, त्या मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे नाव आपल्या सभांतून क्वचितच ऐकू येते. १९४८ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस अ‍ॅक्शनचा सेनापती एवढीच त्यांची ओळख उरली आहे, आणि ती अपुरी आहे.

चौधरींचा जन्म १९०८ साली बंगालमधील एका नामवंत कुळात झाला. काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे मातामह. सँडहर्स्टचे शिक्षण आणि ब्रह्मदेशातील युद्धाचा अनुभव घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरच्या बाजूने चिलखती तुकड्या निजामाच्या हद्दीत घातल्या आणि १८ तारखेला हैदराबादचे सेनाधिपती अल इद्रूस यांची शरणागती स्वीकारली. पुढे १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा दक्षिण विभागाचे सेनापतिपद त्यांच्याकडे होते; १९६२ च्या पराभवानंतर खचलेल्या सैन्याची धुरा त्यांनी सरसेनापती म्हणून उचलली, १९६५ चे युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झाले, आणि १९६६ साली निवृत्त होताच भारत सरकारने त्यांना उच्चायुक्त म्हणून कॅनडात पाठविले. तेथे ते १९६९ पर्यंत होते.

निवृत्त सेनापतींना परदेशी वकिलातीत धाडण्याचा हा प्रघात आपल्याकडे जुना आहे. करिअप्पा ऑस्ट्रेलियात गेले, थापर काबूलला गेले, पुढे गोपाळ गुरुनाथ बेवूर डेन्मार्कला गेले. शेजारच्या पाकिस्तानात १९५८ साली अयूब खानांनी सत्ता हस्तगत केल्यानंतर लोकप्रिय सेनानी राजधानीपासून दूर असलेले बरे, असा विचार दिल्लीतील धुरीणांच्या मनात असेल, तर त्याला सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. पण एवढ्यावरून या नेमणुकांना सन्मानपूर्वक केलेली हद्दपारी समजणे मला अन्यायाचे वाटते. शस्त्रबळ हाताशी असताना ज्याला संयम राखता येतो, समोरच्या पक्षाची अप्रतिष्ठा न करता त्याच्याकडून आपले म्हणणे मान्य करून घेता येते, तो राजदूत होण्यास पात्रच असतो; आणि चौधरींची ही परीक्षा ओटावात नव्हे, हैदराबादेत झाली.

निजामाने फर्मान काढून सर्वाधिकार लष्करी गव्हर्नर म्हणून चौधरींच्या हाती दिले, तरी गादीवरच्या राजाचा अवमान न करता त्याच्याच मोहोरेने त्याच्या राज्याची घडी बदलावयाची, हे काम नाजूक होते. सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाची खाजगी मिळकत, १९४९ साली दिवाणीत, म्हणजे सरकारी मुलखात, विलीन झाली. त्याच वर्षी, १३५८ फसलीच्या कायद्याने, जहागिऱ्या बरखास्त झाल्या. राज्याचा सुमारे ४० टक्के मुलूख ज्यांच्या हुकमतीखाली होता, त्या दोन प्राचीन संस्था एका वर्षात, गोळी न झाडता, इतिहासजमा झाल्या. ज्या रयतेचा सारा सरकारी खजिन्याऐवजी जहागीरदाराच्या कचेरीत जमा होत असे, तिला प्रथमच सरकार नावाचा एकच दारवठा दिसू लागला. या घटनेचे मोल सैनिकी विजयाहून कमी नाही, असे माझे निश्चित मत आहे.

तरीही या कारकिर्दीचे निव्वळ गुणगान करणे सत्याशी प्रतारणा ठरेल. रझाकारांच्या अत्याचारांनी पोळलेल्या समाजाचा क्षोभ, विजयानंतरच्या दिवसांत, ज्यांचा त्या अत्याचारांशी काही संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमान कुटुंबांवर कोसळला. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपला नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचल्याचे नमूद केले, मृतांचा अंदाज हजारोंत दिला, आणि काही ठिकाणी गणवेशातील माणसेही लुटीत सामील असल्याचे लिहिले. त्याच अहवालात स्वतः चौधरींच्या निःपक्षपातीपणाविषयी प्रशंसोद्गार आहेत. अधिपती निष्पक्ष असावा आणि त्याच्या अमलाच्या आरंभी गावोगाव निरपराधांचे रक्त सांडावे, ही विसंगती मनाला अस्वस्थ करते. परंतु दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक झाकून दुसरी सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो अहवाल अनेक दशके दप्तरबंद राहिला, ही सरकारची चूक होती.

देगलूरला हे सर्व विशेष कळावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे पलीकडे तेलुगू मुलखात गेली, कानडी मुलूखही हाकेच्या अंतरावर आहे, आणि मराठी, तेलुगू, उर्दू, कानडी बोलणारी कुटुंबे येथे एकाच बाजारात वावरतात. त्या पंधरा महिन्यांचे दप्तर या चारही भाषिकांचे आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने लष्करी अमदानीतील हुकूम, जहागीर-बरखास्तीचे कागद आणि सुंदरलाल समितीचा अहवाल यांची साधार मराठी आवृत्ती सिद्ध करावी, आणि त्या दिवसांची आठवण असलेले जे वृद्ध अद्याप हयात आहेत, त्यांच्या जबान्या, हिंदूंच्या तशाच मुसलमानांच्या, विनाविलंब लिहून घ्याव्यात.