दाबोळीची तीन शेपट्यांची राणी

गेल्या महिन्यात पावसाने चार दिवस उघडीप दिली, तेव्हा आम्ही नातीला घेऊन बोगमाळ्याच्या वाटेला लागलो. समुद्रावर जायचे एवढाच तिचा हट्ट होता. परंतु दाबोळीचा विमानतळ मागे टाकून त्या रस्त्याने किनाऱ्याकडे निघाले, की वाटेत नौदलाचे विमान-संग्रहालय लागते, आणि तेथे थांबल्यावाचून पुढे जाणे आम्हांस आजवर कधी जमलेले नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये हे संग्रहालय खुले झाले. पाहुणे आले, की आम्ही त्यांना मंगेशी-शांतादुर्गेचे दर्शन घडवितो, जुने गोवे दाखवितो, आणि तिसऱ्या दिवशी, त्यांनी विचारले नसले तरी, येथे घेऊन येतो.

बंगळूरला भरणाऱ्या भव्य विमान-प्रदर्शनाची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील. तसे येथे काही नाही. येथे काही उडत नाही, गर्जत नाही, धुराचे रंगीत पट्टे आकाशात ओढले जात नाहीत. मोकळ्या आवारात निवृत्त विमाने आपापल्या चाकांवर उभी आहेत, आणि आतल्या दालनांत छायाचित्रे, नमुने व शस्त्रास्त्रे मांडलेली आहेत. सारे पाहून व्हायला दोन तास पुरतात. परंतु ज्याला थोडी माहिती आहे, त्याला या आवारात फिरताना जुन्या वाड्यातल्या तसबिरी पाहत गेल्यासारखे वाटते. प्रत्येकीपुढे थांबावे लागते.

हे लहानसे सीलँड पाहा. पाण्यावरही उतरावे आणि जमिनीवरही, अशी याची घडण. १९५३ साली कोचीला आपल्या नौदलाच्या विमानदलाचा श्रीगणेशा झाला तो याच जातीच्या विमानांनी. पलीकडे एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान आहे. स्वतंत्र भारतात आखले गेले, घडविले गेले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूरला प्रथम उडाले, असे हे विमान. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांटल यांच्यासारख्या जगन्मान्य गुरूंजवळ वायुगतिशास्त्र शिकून आलेल्या या मराठी माणसाचे नाव आपल्या घरांतील मुलांना ठाऊक नसते. यात मुलांचा दोष नाही. आपण ते सांगत नाही.

त्यांच्या सोबतीला सी हॉक आणि अलिझे आहेत. ही दोन्ही ‘विक्रांत’च्या पाठीवरून उडत. ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून निघालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले आणि पूर्व पाकिस्तानची समुद्राकडील वाट बंद होऊ लागली. अलिझेचे काम वेगळे, मुख्यतः पाणबुड्या हुडकण्याचे. आणि या दोघांच्या मानाने पुष्कळच तरुण असे सी हॅरियर. डिसेंबर १९८३ मध्ये ही विमाने प्रथम दाबोळीला उतरली आणि २०१६ मध्ये येथेच त्यांना निरोप देण्यात आला. हेलिकॉप्टरप्रमाणे जागच्या जागी खाली उतरणारे ते जेट विमान पाहण्यासाठी वास्कोतली किती मुले शाळा बुडवून कुंपणाशी उभी राहत असत, हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगावयास नको.

परंतु आमच्या नातीचे लक्ष यांपैकी कशाकडेच नव्हते. ती धावत गेली ती आवारातल्या सर्वांत मोठ्या विमानाकडे, आणि तिने विचारले, “आजोबा, याला तीन शेपट्या कशाला?”

ते सुपर कॉन्स्टेलेशन. सुमारे ३५ मीटर लांब, आणि एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत साडेसदतीस मीटर. अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने कॉन्स्टेलेशनचे पहिले उड्डाण जानेवारी १९४३ मध्ये केले. हे त्याचेच पुढे लांबविलेले, अधिक बळकट रूप. एवढ्या विमानाला एकच शेपूट द्यावे तर ते इतके उंच होई, की त्या काळच्या विमानशाळांच्या दारांतून आत जाणे कठीण. म्हणून एका उंच शेपटाऐवजी तीन ठेंगणी शेपटे. व्यवहाराच्या अडचणीतून निघालेली युक्ती, परंतु डोळ्यांना मात्र तो अलंकार वाटतो. त्याचे अंगही नळीसारखे सरळ नाही. नाकापासून शेपटीपर्यंत मासळीच्या पाठीसारखा हलका बाक आहे. असे अंग घडविणे महागाचे, कारण त्याची प्रत्येक कडी वेगळ्या मापाची. पुढे जेट विमाने आली आणि सरळ नळीचा सोयीचा नियम सर्वत्र रूढ झाला. त्यानंतर असे देखणे प्रवासी विमान झाले नाही, असे म्हणणारे आम्ही एकटे नाही. या विमानाची चार इंजिने शक्तिमान खरी, परंतु तितकीच नाजूक प्रकृतीची. वाटेत एखादे बंद करावे लागणे नित्याचे. म्हणून वैमानिक थट्टेने म्हणत, की जगातले सर्वांत सुंदर तीन इंजिनांचे विमान हेच.

आपल्या एअर इंडियाने १९५४ पासून ही विमाने घेतली आणि त्यांना राण्यांची नावे दिली. त्यांतली एक होती ‘झाशीची राणी’. मुंबईहून युरोपला जाणारी सुखवस्तू मंडळी त्या काळी यांतून जात. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले आणि राण्यांचे राज्य संपले. त्यांतल्या काही वायुदलाकडे गेल्या. पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी माल आणि माणसे वाहिली, अरबी समुद्रावर टेहळणी केली. १९७६ मध्ये ती टेहळणीची जबाबदारी नौदलाकडे आली आणि तिच्याबरोबर ही विमाने दाबोळीला आली. प्रवाशांसाठी जन्मलेल्या विमानाने आपले उत्तरायुष्य समुद्रावर पहारा देण्यात घालविले. आज समोर उभे आहे ते त्यांपैकी एक.

नातीला एवढे सांगितले. जे सांगितले नाही ते वाचकांसाठी येथे लिहितो.

१९६१ साली आम्ही नऊ वर्षांचे होतो. आमचे घर चिखलीला, म्हणजे दाबोळीच्या धावपट्टीपासून हाकेच्या नव्हे तरी आवाजाच्या अंतरावर. १८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून आलेल्या बारा कॅनबेरा विमानांनी त्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. त्यानंतर आणखी आठ आली. आईने आम्हां भावंडांना देवघरात कोंबले आणि स्वतः दारात उभी राहिली. भिंतीवरची लामणदिव्याची साखळी हलत होती, एवढेच आम्हांस स्पष्ट आठवते. आकडे आणि विमानांची नावे पुढे पुस्तकांतून वाचली.

त्या पुस्तकांतच एक गोष्ट सापडली, जिचा आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. वैमानिकांना धावपट्टी निकामी करण्याची आज्ञा होती, परंतु विमानतळाच्या इमारतींना धक्का लावावयाचा नव्हता. तो त्यांनी लावला नाही. त्या इमारतींसमोर त्या दिवशी दोन प्रवासी विमाने उभी होती. एक टीएआयपी या गोव्यातील कंपनीचे, आणि दुसरे टीएपी या पोर्तुगीज कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन. तीन शेपट्यांचे. दोन्ही हल्ल्यांतून दोन्ही विमाने वाचली.

रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा काही भाग घाईघाईने बुजविला. सुपर कॉन्स्टेलेशनमधल्या जादा खुर्च्या व जड सामान काढून टाकले, अधिकाऱ्यांची बायकामुले आत बसविली, आणि अंधारात, अवघ्या ७०० मीटरांच्या तुकड्यावरून ते जडशीळ विमान उचलले. धावपट्टीवरच्या दगडगोट्यांनी त्याच्या अंगाला पंचवीस भोके पाडली, एक चाकही फुटले. तरी ते उडाले. मागोमाग दुसरेही उडाले. समुद्राला चिकटून, भारतीय विमानांच्या पहाऱ्याखालून निसटून दोन्ही कराचीला पोहोचली. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला.

चार इंजिनांची ती घरघर आमच्या आईने अंगणात उभी राहून ऐकली. दिवे मालवलेले होते. विमान दिसले नाही, परंतु आवाज छपरावरून गेला आणि समुद्राकडे विरत गेला. “गेले,” एवढेच ती म्हणाली. कोण गेले, हे ती म्हणाली नाही, आणि आम्हांलाही विचारण्याचे वय नव्हते.

त्यानंतर पंधरा वर्षे लोटली. १९६४ मध्ये नौदलाचा ‘हंसा’ तळ दाबोळीला आला आणि विमानांचे आवाज आमच्या घराला नित्याचे झाले. आई त्यांच्याकडे लक्षही देत नसे. परंतु १९७६ नंतर एके दुपारी ती तांदूळ निवडत बसली असता तिचा हात थांबला. छपरावरून एक विमान चालले होते. आवाज जड, लांबवर घुमणारा. ती म्हणाली, “त्या रात्री गेले होते ना, तेच परत आले.”

आम्ही तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचे, म्हणजे सर्व काही कळण्याच्या वयाचे. आम्ही हसलो. ते पोर्तुगीजांचे होते, हे आपल्या नौदलाचे आहे, असे आम्ही तिला समजावले. तिने मान डोलविली आणि तांदूळ निवडू लागली. पुढे कितीतरी वर्षांनी, इंजिनांविषयी वाचताना, आम्हांस उमगले, की दोन्ही विमाने एकाच जातीची होती, म्हणून त्यांचा आवाजही एकच. आईचा कान चुकला नव्हता. पंधरा वर्षांनंतर, एकदाच अंधारात ऐकलेला आवाज तिने ओळखला होता, आणि आम्ही शिकलेल्यांनी तिला चूक ठरविले. हे सांगण्यासाठी तिच्याकडे जावे, तर ती राहिली नव्हती.

वाचकहो, या आवारात आलो की आम्हांस राखण्याविषयी विचार सुचतात. त्या दिवशी इमारतींना धक्का लावू नका असे जे ठरले, त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले? आपल्याच. जो विमानतळ राखला, तो आठवडाभरात आपला झाला. आणि ज्या विमानाला उडू दिले, त्यात बायकामुले होती. मोडण्याचे सामर्थ्य असताना न मोडणे हेही युद्धातलेच काम आहे, आणि त्याची नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी होते.

मोडणे किती सोपे, याचे उदाहरणही येथून दूर नाही. ज्या ‘विक्रांत’च्या पाठीवरून हे सी हॉक आणि अलिझे उडाले, ती नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईच्या धक्क्यावर तिचे संग्रहालय झाले, ते काही वर्षे चालले, मग बंद पडले. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली. तिच्या लोखंडाचा काही अंश पुढे मोटारसायकलींत गेला. म्हणजे नौका गेली आणि तिची पाखरे तेवढी बोगमाळ्याच्या वाटेवर उरली आहेत. आणि राखणे किती कठीण, हे पाहावयाचे तर ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तेथील हौशी मंडळींनी अमेरिकेच्या वाळवंटात टाकून दिलेले एक सुपर कॉन्स्टेलेशन वर्षानुवर्षे खपून दुरुस्त केले आणि १९९६ मध्ये उडवीत सिडनीला नेले. लहानमोठ्या विमान-मेळ्यांत ते पुढे उडत राहिले. त्यासाठी पैसा लागला, आणि त्याहून अधिक लागल्या सुट्टीचे दिवस त्या कामाला देणाऱ्या माणसांच्या हाती असलेल्या पाने आणि स्क्रूड्रायव्हर.

आपल्याकडचे विमान उडावे, असा आमचा हट्ट नाही. समुद्राचा खारा वारा आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस सोसत ॲल्युमिनियमच्या त्या पत्र्याने आपला आकार धरून ठेवावा, हेच कमी नाही. त्याला रंग देणारे, पाते पुसणारे हात आम्ही पाहिले आहेत. आमचे शल्य वेगळे आहे. विमान राखण्यासाठी नौदल आहे. त्याच्या आवाजाची आठवण राखणे हे घरच्यांचे काम, आणि ते आमच्या हातून झाले नाही. आईने त्या रात्री आणखी काय ऐकले, ‘गेले’ म्हणताना तिच्या मनात काय होते, शेजारच्या घरांत त्या वेळी काय चालले होते, हे विचारावयाला आमच्याजवळ कितीतरी वर्षे होती. आम्ही ती तिला चूक ठरविण्यात घालविली.

परतताना नात म्हणाली, “आजोबा, हे विमान पुन्हा उडेल?” आम्ही नाही म्हटले. मग बोगमाळ्याच्या वाळूत बसून तिला पणजीची गोष्ट सांगितली. तिने एक प्रश्न विचारला, जो आम्हांस कधी सुचला नव्हता: “आवाज परत आला, तेव्हा पणजी घाबरली का?”

आम्हांस ते ठाऊक नाही.

वाचकांपैकी वास्को, चिखली, दाबोळी, मुरगाव या भागांत, किंवा बेळगावकडे वा दीव-दमणला, १९६१ च्या त्या दिवसांत ज्यांची घरे होती, त्यांच्या घरी एखादे म्हातारे माणूस अजून असेल. त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, दुरुस्त न करता, लिहून ठेवावे. आमच्याकडे पाठविल्यास या पानावर जागा करू.