आठ तालुक्यांचं एक शहर

तुमच्या हाती येण्याआधी हा अंक निम्मा जिल्हा फिरला आहे. मुद्रितं मालवणात तपासली, छपाई कुडाळात झाली, मुखपृष्ठाचे चित्रकार सावंतवाडीचे. देवगडची कथा तर एसटीने पाकिटातून आली, तीही ऐनवेळी. लेखक मोबाइलवर टंकायला तयार नाहीत.

मुद्रितं घेऊन सकाळच्या गाडीला निघालो, की गडग्यापलीकडून शेजारच्या काकींची हाक ठरलेली, “कुडाळाक जातंस? येताना माझ्या गोळ्ये घेवन ये.” मालवणात औषधाची दुकानं नाहीत असं नाही. पण काकींना हवी ती ‘कंपनी’ कुडाळातच मिळते, त्याला कोण काय करणार?

सिंधुदुर्गात शहर नाही, असं मुंबईचे चाकरमानी म्हणतात. मला वाटतं, आहे. एका जागी नाही, एवढंच. रेल्वे कुडाळला नाहीतर कणकवलीला, कलेक्टर ओरोसला, विमानतळ चिपीला. मधलं अंतर कापण्यात आमचं निम्मं आयुष्य स्टँडावर जातं. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीपासून वेगळे झालो, मुख्यालयासाठी ओरोस निवडलं आणि तिथे सिंधुदुर्गनगरी उभारायची ठरली. कचेऱ्या उभ्या राहिल्या. नगरी मात्र संध्याकाळी शेवटच्या कारकुनाबरोबर घरी जाते.

मला त्याचं फारसं दुःख नाही. अर्ध्या तासात समुद्र गाठता येतो, मासे विकणारी बाई नावाने ओळखते, हे सुख मोठ्या शहराला मिळायचं नाही. पण या सुखाची किंमत रात्री कळते. ओरोसला आता वैद्यकीय महाविद्यालय झालं, तरी दुखणं जास्त झालं की कोणीतरी म्हणतंच, “बांबोळीक व्हरा.” म्हणजे आमच्या शहराचं मोठं हॉस्पिटल दुसऱ्या राज्यात! गेल्या पावसाळ्यात वडिलांना घेऊन मीही गेलो. पत्रादेवी मागे पडली तसा ड्रायव्हर म्हणाला, “आता इलाव.” अजून म्हापसा यायचं होतं, पणजीचा पूल यायचा होता. वडील बरे होऊन आले. तो “इलाव” मात्र अजून कानात आहे.

2001 साली आम्ही 8 लाख 68 हजार होतो, 2011 साली 8 लाख 49 हजार. मुलं कमी झाली हे खरं, पण जी झाली तीही बारावीनंतर मुंबई-पुण्याच्या गाडीत बसतात. गावात घर बांधतात आणि चावी शेजारी ठेवतात. आमच्या वाडीत काकींकडे अशा चार चाव्या आहेत. चतुर्थीला त्या खिळ्यावरून उतरतात, विसर्जनानंतर परत चढतात.

पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी बाजारपेठेत येईल, तेव्हा मी अंकांचा गठ्ठा घेऊन तिथेच एका दुकानाच्या पायरीवर असेन. बाहेरगावच्या वर्गणीदारांचे अंक एसटीने निघतील. स्टँडावर विचारून घ्या. आणि देवगडकरांना विनंती, पुढच्या वर्षीची कथा गणपतीआधी गाडीत घाला.