मतासाठी भाषा, पोरासाठी काय?



कापसाचा भाव ठरवताना शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. पोराचा अभ्यास ठरवतानाही तीच गत. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी-इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. १७ जूनला शब्द बदलले: दुसरी भाषा हवी तर वर्गात किमान २० मुले दाखवा. कित्येक वस्तीशाळांत अख्ख्या वर्गातही २० पोरे नसतात! पुढे ५ जुलैचा मोर्चा जाहीर झाला, महापालिकांच्या निवडणुका तोंडावर होत्या; २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. आदेश निघाला राष्ट्रीय धोरणाच्या नावाने, मोर्चा मराठीच्या नावाने. आईबापाला विचारले कोणी?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. अभ्यासक्रम मात्र तिच्या हाती नाही. गणित, विज्ञान जाणकारांनीच ठरवावे. पण भाषेचे ओझे कोणत्या वयात घालायचे, हे आईबापाला विचारूनच ठरावे.

तेव्हा समितीची बैठक घ्या, ठराव करा, मत मागायला येईल त्याच्या हाती द्या. उत्तर लेखी घ्या. नुसत्या घोषणेवर मत देऊ नका.