गोगलगायीच्या बाजूने कौल

शिक्षणसंस्थेचे बोधचिन्ह म्हटले की सिंह, गरुड किंवा वाघ डोळ्यांपुढे उभा राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेने मात्र हा मान शंख नसलेल्या, पिवळ्या, बुळबुळीत गोगलगायीला दिला आहे. रेडवूड वृक्षांखालच्या ओलसर पालापाचोळ्यात सरपटणाऱ्या या जीवाला केळ्याशी असलेल्या साम्यामुळे 'बनाना स्लग' म्हणतात. ही निवड थट्टेची वाटेल. तिच्यामागील वाद थट्टेचा नव्हता. संस्था कोणाची, हा त्यातील खरा प्रश्न होता.

सांताक्रूझचे अध्यापन १९६५ साली सुरू झाले. गुणश्रेणीऐवजी प्राध्यापकांनी लिहिलेले वर्णनात्मक मूल्यमापन, हे तिचे आरंभीचे वैशिष्ट्य. चढाओढीविषयी साशंक असलेल्या विद्यार्थ्यांना गोगलगाय आपली वाटावी, हे स्वाभाविकच होते. १९८०च्या सुमारास संस्था आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरली, तेव्हा तिचे प्रमुख रॉबर्ट सिनशायमर यांच्या कारकिर्दीत 'समुद्रसिंह' हे अधिक रुबाबदार नाव पुढे करण्यात आले. १९८६च्या मतदानात विद्यार्थ्यांनी प्रचंड बहुमताने गोगलगायीचा पुरस्कार केला. त्यावर नाव ठरविण्याचा अधिकार खेळाडूंचा आहे, असा युक्तिवाद सिनशायमर यांनी केला. तो अगदीच निराधार नव्हता; मैदानावर ते नाव मिरवावयाचे ते खेळाडूंनाच. परंतु खेळाडूंनीही तोच कौल दिला आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. गोगलगायीच्या पोटातील पाय असे दिसून आले!

या आपलेपणाची आर्थिक कसोटी पुढे लागली. सांताक्रूझ ज्या गटात खेळते, तेथे क्रीडानैपुण्याबद्दल शिष्यवृत्ती देता येत नाही. प्रेक्षकांच्या तिकिटांवर खर्च भागावा, अशीही स्थिती नसते. हा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा २०१७ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून क्रीडाविभागासाठी स्वतःवर अधिक शुल्क लादून घेतले. केवळ बोधचिन्हामुळे हे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शिवाय बहुमताने लादलेले शुल्क न खेळणाऱ्यालाही भरावे लागते, हा आक्षेपही रास्त आहे. तथापि जी वस्तू आपण निवडली, तिचा खर्च सोसण्याची तयारी अधिक असते, हा व्यवहारातील सामान्य अनुभव आहे.

संस्थाभिमान ही परिपत्रकाने निर्माण होणारी गोष्ट नव्हे. वरून दिलेल्या चिन्हापुढे विद्यार्थी फार तर मान तुकवितात. स्वतः निवडलेल्या चिन्हाची ते पाठराखण करतात. शुल्कवाढीच्या वेळीच विद्यार्थ्यांना 'संस्था तुमची आहे' याचे स्मरण करून देणाऱ्या चालकांनी एवढे ध्यानी घ्यावे, की हे वाक्य निर्णयाच्या वेळी उच्चारले नसेल, तर वसुलीच्या वेळी त्याला किंमत उरत नाही.