गुप्तता कोणाच्या कपाटात?

‘मोकळेपणाने बोला, नावे फुटणार नाहीत,’ असे सांगून व्यवस्थापनाचा संशोधक आठ-दहा कामगारांची गटचर्चा घेतो. अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात अशाच आश्वासनावर २० हजारांहून अधिक कामगारांच्या एकेकट्याने मुलाखती झाल्या. गाऱ्हाणे नुसते बोलून दाखविल्यानेही मन हलके होते, हा त्यातला निष्कर्ष मालकांना भावला नसता तरच नवल! गटात तर धोका अधिकच. संशोधक मौन पाळील. शेजारी बसलेल्यांचे काय? मुकादमही तेथे असला तर? आणि अहवालात ‘रात्रपाळीतील एकमेव महिला वेल्डर’ असे छापल्यावर नाव गाळून काय साधले? ध्वनिमुद्रण कोणापाशी राहणार, केव्हा नष्ट होणार, हे लेखी मिळेपर्यंत कामगार संघटनांनी अशा चर्चांना संमती देऊ नये.