दूतावासाची पायरी आणि नेकनूरची पोरं

परराष्ट्र सेवा म्हणजे सूटबूट, मेजवान्या आणि फाडफाड इंग्रजी, असेच चित्र बहुजनांपुढे उभे केले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या खेड्यातून आलेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत दाखल झाले. टोकियो, मॉस्को, दमास्कस, माले, न्यूयॉर्क अशी त्यांची कारकीर्द झाली. पण हिशेब शहरांचा नव्हे, कामाचा मांडावा. ते परराष्ट्र मंत्रालयात सचिव असताना, डिसेंबर २०१६ मध्ये, पासपोर्टसाठी आई किंवा वडील, एकाचेच नाव पुरेसे ठरले. बापाच्या नावावाचून अडलेल्या लेकरांना दार उघडले. ही खरी मुत्सद्देगिरी!

मात्र त्या खुर्चीपर्यंत नेकनूरचे पोर कसे पोहोचणार? बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर कोयता घेऊन फडावर जातो, तेव्हा लेकराची शाळाही सुटते. राखीव जागा स्पर्धा परीक्षेत आहेत. तिथवरची वाट शाळेतच तुटते. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. म्हणून हंगामी वसतिगृहे आणि वेळेवर शिष्यवृत्ती, ही आपल्या मोर्चाची पहिली मागणी असली पाहिजे. पुतळ्याला हार त्यानंतर!